फाळक्यांचं घर आणि आमचा शनिवारचा वर्ग

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून दे, असा संपादक मंडळातल्या आपल्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा मी तिला म्हटलं की माझ्या आठवणी सगळ्यांसारख्याच आहेत. छड्या, डबा आणि पावसात गळणारा तो एक वर्ग. त्याऐवजी मी दादासाहेब फाळक्यांवर लिहितो. ती जरा वेळ गप्पच झाली. फाळके काही आपल्या शाळेत नव्हते, हे तिने मला समजावून सांगितलं. ते खरंच आहे. पण गेली काही वर्षं दर शनिवारी दुपारी मी आपल्याच शाळेत आठवी-नववीच्या मुलांना चित्रपट करायला शिकवतो. त्या वर्गात फाळके इतक्या वेळा येतात, की माझ्या लेखी ते शाळेच्या स्टाफवरच आहेत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या लग्नाची कॅसेट मीच काढली आहे. खांद्यावर तो जड कॅमेरा आणि पुढे झगझगीत दिवा धरलेला पोरगा, असा माझा धंदा वीस-बावीस वर्षं चालला. कुणाला काही शिकवायचं माझ्या डोक्यात नव्हतं. चित्रकलेच्या बाईंनी निवृत्त झाल्यावर मला मुख्याध्यापकांपुढे नेऊन उभं केलं, म्हणून हे सुरू झालं. पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहावं हेच सुचेना. शेवटी फाळक्यांचं नाव लिहिलं. त्यांचा जन्म आपल्या जिल्ह्यातला, त्र्यंबकेश्वरचा, 30 एप्रिल 1870. मुलांना एवढंच माहीत होतं की त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे.

मग मी त्यांना विचारलं, की 1912 साली आपल्याकडे चित्रपटाची गोष्ट जमवायला निघालेल्या माणसाने ती विद्या कुणाकडून शिकायची? वर्गात कुणी उत्तर दिलं नाही. कारण उत्तर कुणीच नाही असं होतं.

फाळक्यांचं त्याआधीचं आयुष्य म्हणजे अर्धवट सुटलेल्या कामांची यादी वाटते. वडील संस्कृतचे शास्त्री, त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. धुंडिराज 1885 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम आणि फोटोग्राफी शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं. ते एका परदेशी जादूगाराकडून जादू शिकले आणि आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग करू लागले. पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली, ती स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत सोडली. छापखाना काढला. 1909 साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. छपाईचं नाव झालं, आणि मग भागीदारांशी पटेना म्हणून तेही सोडून दिलं. वय चाळीस, घरात लहान मुलं, हातात काही नाही.

पालकसभेत मी हा भाग मुद्दाम सांगतो. आपल्या वेळीही इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसणाऱ्या पोराकडे घरचे कसे बघायचे, आठवत असेल. पण यातलं काही वाया गेलं नव्हतं. फोटोग्राफीतून त्यांना निगेटिव्ह धुणं येत होतं, छपाईतून रसायनं कळत होती, जादूतून माणूस नाहीसा करणं आणि जे. जे.तून पडदा रंगवणं. गिरगावच्या तंबूत ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर पाहिलं तेव्हा तिथे आपला राम-कृष्ण कधी दिसेल, एवढंच त्यांच्या मनात आलं. पुढचे कित्येक महिने ते मिळेल तो चित्रपट पाहत राहिले, रात्र रात्र जागून प्रयोग करत राहिले. इतके, की काही दिवस त्यांची दृष्टीच गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. हे मात्र मी मुलांना जपून सांगतो. एकाने घरी जाऊन आईला सांगितलं होतं, की सरांनी सांगितलंय, मोबाइल बघून डोळे गेले तरी परत येतात.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. कुणाची ओळख नव्हती. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत सरळ जाऊन उभे राहिले. संपादक कॅबोर्न यांनी आधी परावृत्त करून पाहिलं आणि मग सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं. हेपवर्थनी आपला स्टुडिओ दाखवला, काम कसं चालतं ते समजावलं. दोन आठवड्यांचा मुक्काम. एवढंच त्यांचं चित्रपटाचं शिक्षण. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि थोडी कच्ची फिल्म यांची सोय करून ते 1 एप्रिलला परतले.

पण पैसे देणार कोण? चित्रपट म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसाला काय दाखवायचं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिनाभर थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर दाखवलं तेव्हा बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाला, सगळं मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. ते पाहून कर्ज देणारे मिळाले.

आमच्या वर्गाचा पहिला धडा हाच. ट्रायपॉडवर मोबाइल, समोर कुंडी, तासाला एक फोटो. सेकंदाला 24 फोटो धरले तर दहा सेकंदांना 240 लागतात, म्हणजे रात्रीचेही धरून दहा दिवस. रात्री कोण काढणार म्हणून दिवसाचेच काढायचे, मग वीस-बावीस दिवस होतात, हा हिशेब मुलंच करतात. पहिल्या वर्षी बाराव्या दिवशी कोंब एकदम फूटभर डावीकडे उडी मारताना दिसला. झाडाला ऊन लागावं म्हणून शिपाईमामांनी प्रेमाने कुंडी सरकवली होती. मुलं रडवेली झाली. कुंडीखाली खडूने गोल काढायचा, हे शंभर वेळा सांगून कळलं नसतं ते तेव्हा कळलं.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे वळतो. ‘राजा हरिश्चंद्र’ दादरच्या त्यांच्या राहत्या बंगल्यात तयार झाला. काम येणारा माणूस मुंबईत नव्हताच, तेव्हा फाळक्यांनी घरच शाळा केलं. त्र्यंबक तेलंग या मित्राला कॅमेरा चालवायला शिकवलं. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला महिना 15 रुपयांवर आणलं आणि त्याच्याकडून तारामती करून घेतली. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. बाहेरच्या चित्रणात हा पोरगा खेळताना दगडावर पडून बेशुद्ध झाला, आणि रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यायचाच होता म्हणून तो त्याच अवस्थेत घेतला, अशी हकिगत सांगितली जाते. यावर वर्गात दरवर्षी भांडण होतं. निम्मी मुलं म्हणतात कमाल आहे, निम्मी म्हणतात हा कसला बाप. मी दुसऱ्या बाजूचा आहे आणि तसं सांगतो. फाळक्यांना मानतो म्हणून त्यांचं सगळंच मानायचं असं नाही.

आणि या घरातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणजे सरस्वतीबाई. तेव्हा कच्ची फिल्म भोकं न पाडलेली येई. रात्री मुलं झोपली की अंधारात, हातानेच चाचपत, सरस्वतीबाई यंत्रावर ती भोकं पाडत. फिल्म धुण्याची रसायनं त्या कालवत. दिवसा चित्रणाच्या वेळी उन्हाची तिरीप नटांच्या तोंडावर पाडायला पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याच देखरेखीखाली होई. तारामती तूच कर असं फाळके म्हणाले तेव्हा, मग बाकीचं कोण करणार असं विचारून त्यांनी ते टाळलं, असं सांगतात.

एका मुलाने एकदा विचारलं, भोकं किती? आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. चित्रपट 3,700 फुटांचा. एका फुटात 16 चौकटी. प्रत्येक चौकटीला एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार. उत्तर आलं 4,73,600. तेही फक्त तयार झालेल्या लांबीपुरतं, वाया गेलेली फिल्म आणि पुढच्या प्रती वेगळ्याच. यंत्र असलं तरी अंधारात सरळ रेषेत फिल्म सरकवायची हातानेच. वर्ग थोडा वेळ शांत झाला.

हा हिशेब मी पहिल्याच वर्षी केला असता तर बरं झालं असतं. त्या वर्षी आम्ही शाळेबाहेरच्या बोरं-चिंचा विकणाऱ्या आजींवर सहा मिनिटांचा चित्रपट केला. नववीतली एक अबोल मुलगी महिनाभर संगणक कक्षात बसून तो एकहाती जोडत होती. कुठे शॉट कापायचा याची तिला माझ्यापेक्षा चांगली जाण होती, हे मी इथे लेखी देतो. गॅदरिंगला चित्रपट दाखवला. शेवटच्या नावांत नट होते, कॅमेरावाला होता, मुख्याध्यापक होते, मीही होतो. तिचं नाव नव्हतं. ती यादी घाईघाईत मीच टाइप केली होती. तिची आई आणि आजी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, दिवे लागेपर्यंत पडद्याकडे बघत. ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी आली नाही. मी घरी जाऊन माफी मागितली, नाव घालून नवी प्रत नेऊन दिली. तिने चहा दिला, प्रत घेतली. वर्गाला मात्र ती पुन्हा आली नाही, मग दहावीचं वर्ष आलं.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. तीनच दिवसांपूर्वी फाळक्यांना 43 वर्षं पूर्ण झाली होती. त्यानंतरचं वैभव तुम्हाला ठाऊक असेल. नाशिकला बिऱ्हाड हलवलं, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, ‘लंकादहन’ला चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली, ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. 1917 साली त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हेच दाखवणारा छोटा चित्रपटही केला. त्याचे उरलेले तुकडे मी मुलांना दाखवतो. नटांना समजावणारे, फिल्म उजेडात धरून पाहणारे फाळके त्यात दिसतात. आपली विद्या कुलपात न ठेवणारा माणूस.

उतार मला फार लिहवत नाही. हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या भांडवलदार भागीदारांशी खटके उडाले, सगळं सोडून ते काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, परत आले. तोवर बोलपट आला. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा. ज्यांना त्यांनी ही वाट दाखवली ते पुढे निघून गेले होते. 16 फेब्रुवारी 1944 ला ते नाशिकात वारले. त्यांचे बहुतेक चित्रपट आज नाहीत. मोबाइलवर एडिटिंगचं नवं अॅप मला शिकवताना आठवीतला मुलगा जेव्हा माझ्या हातातून फोन काढून घेतो, तेव्हा मला उतारवयातले फाळके आठवतात. अर्थात मी त्यांच्या नखाची सर नाही.

आता आम्ही वर्षाच्या पहिल्याच शनिवारी नावांची वही करतो. थर्मोकोलची शीट उन्हात धरणारा, कुंडीला पाणी घालणारा, डबे आणणारा, सगळ्यांची नावं काम झालं त्याच दिवशी लिहायची, ज्याचं त्याने आपल्या हाताने. परवा त्या वहीत मी सरस्वतीबाई फाळके असं एक नाव दिसलं. कुणी लिहिलं ते मी विचारलं नाही, खोडलंही नाही.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी एकच्या आधी सभागृहात मुलांचा या वर्षीचा चित्रपट आहे. नऊ मिनिटांचा. शिपाईमामाही आहेत त्यात. वास येऊ लागला तरी कृपा करून लगेच जेवणाकडे उठू नका. शेवटी नावं आहेत, ती संपायला सव्वा मिनिट लागतं.