भीतीचे गणित मांडणारा नाशिककर

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, त्यांच्या नावाचा मानाचा पुरस्कार आठवतो आणि नाशिककरांना पांडवलेण्यांच्या पायथ्याचे स्मारक आठवते. सत्यवचनी राजा, सोशीक राणी, देवादिकांचे चमत्कार अशी त्यांच्या चित्रपटांची सात्त्विक प्रतिमा आपल्या मनात पक्की बसली आहे. पण याच दादासाहेबांनी प्रेक्षकाच्या अंगावर काटा आणण्याची विद्याही मोठ्या कष्टाने कमावली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

१९१८ सालच्या ‘श्रीकृष्णजन्म’ या चित्रपटाचा थोडा भाग आज शिल्लक आहे. त्यात कंस आपल्या महालात बसलेला आहे. मृत्यूच्या धास्तीने त्याला जिकडेतिकडे कृष्ण दिसू लागतो. आणि मग त्याचे स्वतःचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व पुन्हा खाली येते. राक्षस नाही, किंकाळी नाही, रक्ताचा थेंब नाही. सगळे भय त्या एका अपराधी माणसाच्या मनातले आहे. आवाज नसलेल्या त्या काळात, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर हे साधले होते.

हे सुचणारा माणूस घडला कसा? धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका शास्त्र्याच्या घरी झाला. घरची अपेक्षा पोथी-पंचांगाची, मुलाचा ओढा रंगरेषांकडे. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा थाटला, पण प्लेगने पत्नी आणि मूल नेले आणि ते गाव सुटले. कार्ल हर्ट्झ या परदेशी जादूगाराशी गाठ पडली, तेव्हा हातचलाखी शिकून घेतली. ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला, रंगीत छपाईतल्या खुब्या पाहण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी बिनसले, तेव्हा तोही व्यवसाय सोडून दिला.

वरवर पाहता ही एका चंचल माणसाची धरसोड वाटते. पण चित्र, छाया, छपाईची रसायने आणि जादू या चारही गोष्टी पुढे एकाच कामाला लागल्या.

चाळिशी उलटलेल्या, बेकार झालेल्या या गृहस्थाने मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. मिळेल तो चित्रपट पाहायचा, घरी येऊन रात्र रात्र प्रयोग करायचे. त्या जागरणांनी दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती परत आली, तशी विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. थोड्या दिवसांत शिकता येईल तेवढे शिकून आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून ते परतले.

परतल्यावर त्यांनी काय केले असेल? कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर रोवून ठेवला आणि अंकुर कसा वर येतो, वेल कशी वाढते, हे दिवसामागून दिवस थोडे थोडे टिपले. पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत वाढताना दिसले. ‘अंकुराची वाढ’ ही त्यांची पहिली फिल्म. पैसे लावणाऱ्यांचा विश्वास तिने मिळवून दिला. पण माझ्या मते तिचे महत्त्व त्याहून मोठे आहे. चित्रपट म्हणजे काळाचे गणित आहे. किती वेळ दाखवायचे, काय गाळायचे, कशानंतर काय ठेवायचे, हा धडा त्यांनी त्या कुंडीसमोर गिरवला.

आमच्या सुरगाण्याची एक मुलगी सध्या जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम करते आहे. भयपटाची सुरुवातीची दोन मिनिटे चित्रित करून दाखवायची, असे काम तिला दिलेले आहे. कॅमेरा म्हणजे हातातला मोबाइल. वाडा, विहीर, पांढऱ्या साडीतली बाई आणि दार करकरण्याचा आवाज एवढी सामग्री तिने योजली होती. तिला फाळक्यांचे चरित्र वाचायला द्यावे, असे मी सुचविले तेव्हा घरात हशा पिकला. पण कंसाच्या त्या दृश्याची रीत तिला समजावून सांगितली, तेव्हा ती गप्प झाली.

अशा करामतींची त्या काळची रीत साधारण अशी होती. काळ्या पडद्यापुढे पात्राचा एक भाग टिपायचा, उरलेला भाग काळ्याने झाकायचा. मग तीच फिल्म अंधारात मागे गुंडाळून पुन्हा तिच्यावरच दुसरा भाग टिपायचा. कॅमेऱ्याच्या दांड्याचे फेरे मोजून ठेवायचे. एक फेरा चुकला तर सगळे फुकट, आणि फिल्म तर विलायतेहून आलेली. म्हणजे प्रत्येक क्षण आधी कागदावर आणि डोक्यात तयार असल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावण्याची सोय नव्हती. आज चुकलेले एका बोटाने पुसता येते. म्हणून आधी विचार करण्याची सवय मोडते.

सुरुवात कशी करावी याचाही धडा दादासाहेबांकडे आहे. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. चित्रपट सुरू होतो तो थेट गोकुळात नव्हे. आधी पडद्यावर ही सात वर्षांची मुलगी नुसता चेहरा दाखवते. हसते, रुसते, रागावते. मग ती कृष्ण होते. ही आपल्यासारखीच घरातली पोर आहे हे प्रेक्षकाने एकदा पाहिले की पुढे ती नागाशी झुंजते तेव्हा त्याचा जीव खालीवर होतो. भयाची उभारणी करायची तर आधी माया लावावी लागते. भूत किती अक्राळविक्राळ आहे यावर भीती ठरत नाही. ते ज्याच्यासमोर उभे राहणार, तो आपला कोण, यावर ती ठरते.

सुरगाण्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. त्र्यंबकेश्वरापासून पेठ-सुरगाण्यापर्यंतच्या या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर देव-दैत्यांची सोंगे नाचत येतात. लाकडाचा तो मुखवटा दिवसा कोपऱ्यात पडलेला आम्ही पाहिलेला असतो, त्याखाली कोण आहे हेही ठाऊक असते. तरी रात्री लहानपणी आम्ही आईच्या पदराआड दडत असू. सोंग दिसण्याआधी संबळ ऐकू येई आणि खरी भीती त्या मधल्या क्षणांत असे. बांगला आणि करकरणारे दार उसने कशाला आणायचे?

फाळक्यांच्या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यामागे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने होते. अंधारात बसून फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हे त्या बाईंनी केले. तारामतीच्या कामाला स्त्री मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. चित्रपट एकट्याचा नसतो. नाव मात्र एकाचेच राहते.

१९१३ मध्येच फाळके नाशिकला आले आणि पुढचे बहुतेक काम त्यांनी येथे केले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पण भांडवलवाल्यांशी पटेना, तेव्हा सारे सोडून ते काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, पुन्हा परतले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटाचे दिवस भरले. १९३२ चा त्यांचा ‘सेतुबंधन’ मुकाच तयार झाला, त्याला आवाज मागाहून जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा अखेरचा. नव्वदहून अधिक चित्रपट काढणारा हा माणूस १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला गेला, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्याचा जवळजवळ विसर पडला होता. त्याच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालचा.

त्या मुलीच्या वडिलांनी मला सरळ विचारले की या शिक्षणाचे पुढे काय? फाळक्यांचे चरित्र त्यांना धीर देईल की धास्ती, हे मी ठरवू शकलो नाही. दोन्ही देईल, असेच म्हणावे लागेल. या धंद्यात घर उभे राहते आणि घर गहाणही पडते. पण एक गोष्ट मी त्यांना ठामपणे सांगितली. कंसाचे ते मस्तक उचलले जाते तो तुकडा काही क्षणांचाच आहे. तो टिपण्याआधी या माणसाने पंचवीस वर्षे चित्र, छाया, छपाई आणि जादू शिकण्यात घालविली होती. दोन मिनिटांच्या कामाला दोन महिने लागले, तर मुलगी वेळ वाया घालवते आहे असे समजू नये.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दादासाहेबांचे जे थोडेफार रिळ जपले गेले, त्यात हा कंस आहे. मोबाइलवर भुताखेतांचे शेकडो तुकडे पाहणाऱ्या मुलांना एखाद्या रविवारी घरातले दिवे मालवून तो जरूर दाखवावा. ती आधी हसतील. मस्तक वर जाऊ लागले की काय होते, ते आपण पाहावे.