विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (जन्म : शिरोडा, गोवा, २७ एप्रिल १८९९, मृत्यू : ७ मार्च १९७१) हे मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यविशारद होते. गर्भाशयमुखाला घातला जाणारा ‘शिरोडकर टाका’ जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. या टाक्याच्या कीर्तीत त्यांचे गर्भाशयभ्रंशावरील काम काहीसे झाकोळले गेले आहे.

जीवन

शिरोडकरांचे आडनाव त्यांच्या गावावरून आले. त्यांचे प्राथमिक शिक्षण हुबळी येथे व पुढील शिक्षण पुण्यात झाले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ साली एम.बी.बी.एस. आणि १९२७ साली एम.डी. झाले. त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ साली त्यांनी एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळवली. परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेज व त्याला जोडलेल्या जे.जे. रुग्णालयात ते प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्राचे मानद प्राध्यापक होते.

गर्भाशयभ्रंशावरील कार्य

गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय यांना श्रोणितलाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू झोळीसारखे खालून तोलून धरतात. तंतुमय बंध त्यांना श्रोणीच्या भिंतींशी बांधून ठेवतात. लांबलेली प्रसूती, लागोपाठची बाळंतपणे, बाळंतिणीने लवकरच उचललेले ओझे, जुनाट खोकला यांमुळे हे दोन्ही आधार सैल पडतात व गर्भाशय खाली सरकते. यालाच बोलीत ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात वेचणी, निंदणी, पाणी आणि सरपण ही कामे मुख्यतः बायकाच करतात. तेथे हे दुखणे लाजेपोटी वर्षानुवर्षे लपवले जाणे नवलाचे नाही.

मुले होऊन गेलेल्या स्त्रीचे गर्भाशय काढून टाकता येते. प्रश्न होता तो तरुण स्त्रीचा, जिला अजून मूल हवे आहे तिचा. इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या प्रचलित शस्त्रक्रियेत गर्भाशयमुखाचा भाग छाटला जाई. त्यामुळे पुढे गर्भधारणा कठीण होण्याचा, गर्भपाताचा वा अकाली प्रसूतीचा धोका राही. शिरोडकरांनी या पद्धतीत फेरफार केला : गर्भाशयमुख न छाटता मागच्या बाजूचे बंध सोडवून ते पुढे आणून एकमेकांवर शिवले. भ्रंश जास्त असलेल्या तरुण स्त्रियांसाठी त्यांनी पोटातून करावयाची ‘स्लिंग’ शस्त्रक्रियाही रचली. तीत गर्भाशयाचा मागचा भाग पट्टीच्या साहाय्याने त्रिकास्थीच्या वरच्या कडेजवळील मजबूत बंधाशी जोडला जातो. डाव्या बाजूला मोठे आतडे आड येत असल्याने ती करावयास अवघड आहे. त्यामुळे मुंबईच्याच पुरंदरे यांच्या पद्धतीसारख्या सोप्या पद्धतीही प्रचारात आल्या. तथापि शरीररचनेच्या दृष्टीने शिरोडकरांची मांडणी अधिक नैसर्गिक आहे, कारण तीत सैल झालेल्या मूळ बंधांचेच काम पट्टीकडे सोपवलेले असते.

हे काम बंधांच्या दुरुस्तीचे होते. स्नायूंचे बळ टाक्याने परत येत नाही. ते व्यायामानेच कमवावे लागते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ साली अशा व्यायामांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच श्वास न रोखता, पोट व मांड्या न ताठरता आवळून धरावयाचे व पूर्ण सैल सोडावयाचे, असे त्यांचे स्वरूप असते. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना ते नेहमी करू नयेत. नुसत्या सांगण्यावरून अनेक स्त्रिया भलताच स्नायू आवळतात किंवा खाली जोर देतात. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून तपासून शिकणे आणि किमान तीन महिने नियमाने करणे आवश्यक ठरते. सौम्य भ्रंश व खोकताना-शिंकताना होणारी लघवीची गळती यांवर आज हाच पहिला उपाय मानतात. गर्भाशय बाहेर डोकावू लागल्यावर मात्र केवळ व्यायाम पुरत नाही. तेव्हा रिंग बसवणे किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार होतो.

शिरोडकर टाका

काही स्त्रियांचे गर्भाशयमुख चौथ्या ते सहाव्या महिन्यात वेणा न येताच उघडते व गर्भ पडतो. मूत्राशय वर सारून गर्भाशयमुखाभोवती, आतल्या तोंडाच्या पातळीवर, पट्टी आवळून बांधण्याची पद्धत शिरोडकरांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. प्रारंभी ही पट्टी रुग्णेच्याच मांडीतील स्नायुवेष्टनातून काढलेली असे. पुढे कृत्रिम धाग्याची फीत वापरात आली. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील मॅकडोनाल्ड यांनी सोपा टाका सुचवला आणि तो अधिक रूढ झाला. तरी टाका जास्त उंचावर घालावयाचा असल्यास शिरोडकरांची पद्धत आजही वापरतात. गर्भाशयमुख छाटण्यास त्यांचा असलेला विरोध आणि हा टाका यांचे मूळ एकच दिसते.

इतर कार्य व सन्मान

बंद पडलेल्या गर्भनलिका खुल्या करण्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांनी काम केले. कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या शस्त्रक्रियांचे विवेचन करणारा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरविले.