जगाचं बियाणं जमवणारा शास्त्रज्ञ तुरुंगात उपासमारीने गेला, बियाणं मात्र वाचलं!

निकोलाय वाविलोव. जन्म १८८७, मॉस्को. १९२१ मध्ये ते पेत्रोग्राडच्या वनस्पती संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा व्होल्गाकाठी लाखो लोक भुकेने मरत होते. दुष्काळावर उपाय म्हणून त्यांनी जगभरातल्या पिकांचे वाण गोळा करायला घेतले. अफगाणिस्तान, इथिओपिया, मेक्सिको... खेचरांवरून, पायी, जमेल तसं. दोन लाखांच्या आसपास नमुने जमले.

पण लिसेंको या स्टालिनच्या लाडक्या कृषितज्ज्ञाला आनुवंशशास्त्रच मान्य नव्हतं. वाविलोव त्याच्यासमोर झुकले नाहीत आणि ऑगस्ट १९४० मध्ये त्यांना अटक झाली.

सुमारे वर्षभराने जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. शहर उपाशी, तापमान शून्याच्या खूप खाली. संस्थेतल्या लोकांनी सरपण जाळून एकच गोष्ट ऊबदार ठेवली: बटाटे. बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं. ते गोठलं की बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

धान्याच्या बियांना मात्र ऊब लागली नाही. असं का?

एरवी पेशीतलं पाणी गेलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात, पेशीपटल फाटतं. बी पिकतानाच याची तयारी करतं. सुक्रोज, रॅफिनोजसारख्या शर्करा साठतात, सोबत ‘एलईए’ नावाची खास प्रथिनं. पाणी उडून जातं तसा पेशीतला द्रव दाट होत होत काचेसारखा घट्ट होतो. रेणू जागच्या जागी अडकतात, रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. गोठायला फारसं पाणीच उरत नाही! ही प्रथिनं कापसाच्या बियांत सापडली ती १९८१ मध्ये. वाविलोव यांच्या काळात एवढंच माहीत होतं, की कोरडं बी टिकतं. अर्थात कायमचं नाही. काही वर्षांनी ते पुन्हा पेरून ताजं करावंच लागतं.

त्यामुळे राखण करायची होती ती उंदरांपासून आणि भुकेल्या माणसांपासून. स्वतःपासूनही. तांदळाचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव उपासमारीने गेले, तेव्हा तांदळाची हजारो पाकिटं त्यांच्या आसपास तशीच होती. इतर सहकारीही असेच गेले.

वाविलोव यांना आधी मृत्युदंड झाला, मग त्याचे २० वर्षांच्या कैदेत रूपांतर झाले. २६ जानेवारी १९४३ रोजी ते सारातोवच्या तुरुंगात कुपोषणाने गेले. याच शहरात ते कधीकाळी प्राध्यापक होते. सरकारने त्यांना निर्दोष ठरवलं १९५५ मध्ये.