बर्फाळ खोलीत कपडे काढून झोपणारा शास्त्रज्ञ, ज्याने रक्त आणि तापमानाचं नातं मोजलं

खोलीचं तापमान बर्फ गोठेल इतकं. आणि आत केंब्रिजचे एक नामांकित प्राध्यापक अंगावर एकही कपडा न ठेवता पडून आहेत.

आधी अंग आक्रसलं, हुडहुडी भरली. मग एका क्षणी हुडहुडी थांबली, हातपाय सैल पडले आणि उन्हात पहुडल्यासारखं सुख वाटू लागलं. कुणी आत आलं तर काय, ही लाजसुद्धा उरली नाही. शेवटी इतरांनी मध्ये पडून त्यांना ऊब दिली.

हे होते सर जोसेफ बारक्रॉफ्ट. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायची त्यांची ही पहिली वेळ नव्हती.

जन्म 1872 चा, आयर्लंडमधल्या न्यूरीचा. घर लिनन कापडाच्या धंद्यातलं, क्वेकर पंथाचं. शिकायला केंब्रिजला गेले आणि तिथलेच झाले. आयुष्यभर एकाच प्रश्नाच्या मागे राहिले. रक्त ऑक्सिजन धरतं कसं आणि सोडतं कसं?

हे काम करतं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींमधलं प्रथिन. त्याला एसटी समजा. फुप्फुसाच्या डेपोत ऑक्सिजनचे प्रवासी भरायचे आणि स्नायू, मेंदू अशा थांब्यांवर उतरवायचे. गाडी भरली की काम झालं, असं आपल्याला वाटतं. पण दारच उघडलं नाही तर भरलेल्या गाडीचा उपयोग काय?

1909 मध्ये बारक्रॉफ्ट आणि त्यांचे सहकारी किंग यांनी वेगवेगळ्या तापमानाला रक्त किती ऑक्सिजन धरतं ते मोजलं. रक्त जितकं गरम, तितकी हिमोग्लोबिनची पकड सैल. जितकं गार, तितकी घट्ट.

कारण साधं आहे. ऑक्सिजन हिमोग्लोबिनला चिकटताना उष्णता बाहेर पडते. त्यामुळे बाहेरून उष्णता दिली की गाडी उलटी फिरते, बंध सुटू लागतो. आता धावणाऱ्या माणसाची मांडी डोळ्यांसमोर आणा. स्नायू तापलेला, ऑक्सिजनची गरज तिथेच सगळ्यात जास्त, आणि रक्त नेमकं तिथेच हात सैल सोडतं. कुणी हुकूम द्यावा लागत नाही.

पुढच्याच वर्षी, 1910 मध्ये, ए. व्ही. हिल या विशीतल्या पोराला घेऊन त्यांनी या उष्णतेवरून हिमोग्लोबिनच्या रेणूचं वजन काढायचा प्रयत्न केला. उत्तर आलं 16 हजारांच्या आसपास. प्रत्यक्षात रेणू त्याच्या चौपट निघाला, कारण तो चार तुकड्यांचा बनलेला असतो. म्हणजे हिशेब एका तुकड्याचा बरोबर लागला होता! हिलना पुढे नोबेल मिळालं, ते मात्र स्नायूंवरच्या कामासाठी.

पहिल्या महायुद्धात बारक्रॉफ्ट विषारी वायूंच्या संशोधनात होते. हायड्रोजन सायनाइड भरलेल्या खोलीत ते एका कुत्र्यासोबत उभे राहिले. दीडेक मिनिटात कुत्रा मेल्यासारखा कोसळला, ते चालत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी बघतात तर कुत्राही चालत फिरत होता.

हॉल्डेन नावाच्या तितक्याच मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की फुप्फुस स्वतः जोर लावून ऑक्सिजन रक्तात ढकलतं. बारक्रॉफ्टना ते पटत नव्हतं. 1920 मध्ये ते विरळ ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले आणि मनगटाची धमनी कापून रक्त तपासायला दिलं. रक्त काळपट निघालं. फुप्फुस जोर लावत असतं तर ते लालभडक दिसलं असतं. तरी खात्री हवी म्हणून 1921-22 च्या हिवाळ्यात पेरूच्या अँडीज पर्वतात, 4,300 मीटरवरच्या सेरो दे पास्कोला जाऊन रेल्वेच्या डब्यात प्रयोगशाळा थाटली. निकाल तोच.

त्या बर्फाळ खोलीत डोकं बधिर झालं, त्याचा दोष एकट्या हिमोग्लोबिनवर टाकता येत नाही. मेंदूच गार पडत जातो. पण गारठलेल्या शरीरात रक्ताची पकड घट्ट होते हे खरं. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर गाडीत प्रवासी किती भरलेत तेवढंच दाखवतो. थांब्यावर किती उतरले, ते त्याला कळत नाही.

शेवटची वर्षं बारक्रॉफ्ट मेंढीच्या पोटातल्या गर्भाला ऑक्सिजन कसा मिळतो, ते शोधत होते. 21 मार्च 1947 ला केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं. ते काम तेव्हाही सुरूच होतं.