खेळण्यातली ट्रेन घराघरात नेणारा हिशेबनीस: फ्रँक हॉर्नबी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी गाडी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. नसेल पाहिली तर घरी आजोबांना विचारा. १९०८ मध्ये सुरू झालेली ही नॅरोगेज लाईन २०१९ मध्ये बंद झाली, कारण तिथे ब्रॉडगेज टाकायचं ठरलं. जुन्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचं १६७६. चार्जरची पिन बदलली की जुना चार्जर ड्रॉवरमध्ये पडून राहतो ना, तसंच झालं.

आज ज्यांची गोष्ट सांगतोय, त्यांचं सगळं आयुष्य अशाच एका प्रश्नाभोवती फिरलं: आजचा भाग उद्याच्या भागाला बसेल का?

फ्रँक हॉर्नबी १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जन्मले. इंजिनिअरिंग वगैरे काही शिकले नव्हते. एका मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे ते हिशेब लिहायचे. घरी रोलंड आणि डग्लस ही दोन मुलं. त्यांच्यासाठी हॉर्नबी संध्याकाळी पत्रा कापून पूल, क्रेन अशी खेळणी बनवायचे. पण क्रेनचे तुकडे पुलाला चालेनात, प्रत्येक खेळण्याला नवा पत्रा कापा! मग त्यांनी सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद ठेवल्या आणि त्यांना बरोबर अर्ध्या अर्ध्या इंचावर भोकं पाडली. आता कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येऊ लागली. क्रेन मोडा, पूल करा.

पेटंटसाठी पैसे नव्हते, ते मालकाकडूनच उसने घेतले. ५ पौंड. १९०१ मध्ये पेटंट मिळालं. तो मालक, डेव्हिड एलियट, पुढे धंद्यात भागीदारही झाला. (असा बॉस सगळ्यांना मिळत नाही.) १९०७ मध्ये या खेळण्याचं नाव मेकॅनो झालं. तुमच्या घरात जुना सेट असेल तर बघा, भोकांमधलं अंतर आजही अर्धा इंचच आहे. पणजोबांची पट्टी पणतूच्या सेटमध्ये बसते. तुमचा पहिला फोन आज कशाला जोडता येतो का?

१९२० मध्ये हॉर्नबींनी ट्रेन आणली. चावी भरायची, स्प्रिंग सुटेपर्यंत गाडी धावायची. सुरुवातीच्या गाड्याही नट-बोल्टच्याच होत्या, म्हणजे खोलून पुन्हा जोडता यायच्या. १९२५ मध्ये विजेवरची गाडी आली. १९३१ मध्ये ते खासदारही झाले, पण ते सोडून देऊ. २१ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले आणि कंपनी रोलंडच्या हाती आली. ज्याच्यासाठी वडिलांनी पत्रा कापला होता, तोच हा मुलगा.

आता खरी मजा. १९३८ मध्ये कंपनीने हॉर्नबी डब्लो नावाची लहान ट्रेन काढली, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. मात्र तिला तीन रूळ होते. मधल्या रुळातून वीज यायची, बाजूच्या दोन रुळांतून परत जायची. बनवायला सोपं, पण दिसायला खोटं, कारण खऱ्या रेल्वेला कुठे असतो मधला रूळ? पन्नाशीच्या दशकात ट्राय-अँग या स्पर्धकाने स्वस्त प्लॅस्टिकची, दोन रुळांची गाडी विकायला काढली. एका रुळातून वीज येते, दुसऱ्यातून जाते, फक्त डाव्या-उजव्या चाकांचा विजेचा संबंध तोडावा लागतो. हॉर्नबी दोन रुळांवर आली ती १९५९ मध्ये. इतका उशीर का? माझ्या मते घराघरातले जुने तीन रूळ एका झटक्यात निकामी करायची हिंमत होत नव्हती. वडिलांनी घालून दिलेली शिस्तच इथे आडवी आली. १९६४ मध्ये कंपनी विकली गेली आणि विकत घेतली ती ट्राय-अँगच्या मालकांनीच.

नाव मात्र टिकलं. आजच्या हॉर्नबी गाड्याही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर धावतात. नव्या इंजिनांत छोटी चिप असते. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर, म्हणून एकाच रुळावरच्या दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालवता येतात, काही तर ब्लूटूथने थेट फोनवरून.

हे वेड आपल्याकडेही आहे बरं का. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी आपल्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. तिथल्या गाड्या खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान आहेत. जोशींच्या घरातली पुढची पिढी ते चालवते. आणि नागभीडच्या लाईनसारखी नॅरोगेज इंजिनं जवळून बघायची असतील तर पुण्यापर्यंत जायची गरज नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. आजोबांना घेऊनच जा.