रेव्हरंड टिळक आणि त्यांचा देवाचा दरबार

टिळक म्हटले की आपल्यापुढे लोकमान्य उभे राहतात. दुसरे टिळक भेटतात ते शाळेच्या पुस्तकात, कवितेखाली, रे. टिळक एवढ्याच नावाने. हे रे. म्हणजे काय, ते मला बी. ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; विचारणार कोणाला? मागच्या वर्षी ग्रंथालयातून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरी आणली, आणि आईला वाचता येत नसल्यामुळे रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचू लागले. त्या वाचनातून हा लेख झाला आहे.

नारायण वामन टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील तापट. आई लवकर गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे जलालपूरच्या गोखल्यांची मनू त्यांची पत्नी लक्ष्मी झाली, तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती. टिळकांचे पाय एका गावात टिकत नसत. आज येथे शिक्षक, उद्या तेथे कीर्तनकार, आणि हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे. आई हे ऐकताना कपाळाला हात लावी.

या भटकंतीत ते आपल्या नागपूरला आले. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी येथे संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि धर्मचर्चेसाठी ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. वेदान्ताने त्यांचे समाधान होत नव्हते आणि जातिभेद तर त्यांना मुळीच पटत नव्हता. अशा मनःस्थितीत 1893 मध्ये नोकरीच्या निमित्ताने ते नागपुराहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. काव्यावर, मग धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. तो कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही.

माझे बाबा याच मार्गावर ट्रॅकमन आहेत. कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया ही नावे मी पाढ्यांसारखी पाठ केलेली आहेत. या रुळांवरून मराठी कवितेतले एवढे मोठे वळण गेले असेल, हे कधी मनात आले नव्हते. बाबांना सांगितले तर त्यांनी गाडी कोणती होती एवढेच विचारले.

डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरले ते सोडले नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही मुद्दाम एका भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून. लक्ष्मीबाईंना ही गोष्ट मागाहून कळली. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत आणि तरी संसार मोडलेला. पुढची चारपाच वर्षे त्यांनी माहेरच्या आप्तांच्या आधाराने काढली. आमची आई येथे थांबली. त्यांना देव सापडला हे ठीक, पण ती बाई इतकी वर्षे कोणाच्या दारी जेवली, असे तिने विचारले. टिळकांवरचे चार लेख मी वाचले, त्यांत हा प्रश्न कोणी विचारलेला मला आढळला नाही. टिळक मोठे होते, पण या बाबतीत ते चुकले असे मला वाटते.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या. आरंभी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, आणि टिळकांनीही ते बळाने सोडवले नाही. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. हळूहळू त्यांच्याच मनातील भिंत पडली आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वेगळ्या चुलीशी राहूनही एक घर होते, हे टिळक बहुधा येथेच शिकले. त्यांच्या घरी मग कोण नव्हते? अनाथ मुले होती, आणि तरुण बालकवीही तेथे राहून गेले. 1907 मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनामागे टिळकांचाच पुढाकार होता. 1912 पासून ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले.

एक गोष्ट मात्र त्यांना सलत होती. ख्रिस्ती झालेला माणूस मिशनच्या आवारात राहायला जाई, मिशनचा पगार घेई, विलायती चालीवर गाणी म्हणे आणि आपल्या गावाला परका होई. टिळकांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनात आणले, अभंग लिहिले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची शंभराहून अधिक पदे आजही गायिली जातात. तरी तेवढ्याने भागेना. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. हा दरबार म्हणजे एक लहानसे बंधुमंडळ. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही त्यात यावा. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला दोघांचे आसन सारखे. घरदार, जातगोत यांच्याशी नाते तोडून येण्याची अट नव्हती. ज्या माणसाला स्वतःला ते नाते तोडावे लागले होते, त्याने हे मांडावे, याला मी फार मोठी गोष्ट समजते.

आमच्या वर्गातील एक मैत्रीण ख्रिस्ती आहे. अजनीकडे त्यांची दहाबारा घरे दर शुक्रवारी पाळीपाळीने एकाच्या घरी जमतात. सतरंजी, पेटी, वाचन, कोणाची नोकरी गेली, कोणाचे मूल आजारी त्याची चौकशी, आणि शेवटी चहा. एकदा मी आईला घेऊन गेले. दारात ती बिचकली. पण टिळकांचे पद सुरू झाले आणि तिने टाळी धरली, कारण चाल अभंगाची होती. आमच्या आजोबांच्या गावी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तसेच हे, असे ती परत येताना म्हणाली. बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या शुक्रवारी मात्र तू जाणार आहेस का, असे त्यांनीच विचारले.

दरबाराला आयुष्य थोडे लाभले. 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले आणि त्यांच्यामागे तो टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा बहुतेक भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईने! हे वाचले त्या रात्री आईने पुस्तक माझ्या हातून घेतले, मुखपृष्ठावरच्या नावावर बोट ठेवले आणि यातला ‘ल’ कोणता ते दाखव म्हणाली. आता वाचन अर्धा तास उशिरा सुरू होते. आधी पाटी असते.