मदर जोन्स : गिरणीतल्या मुलांची आई

गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. मी मदर जोन्स यांचे लिहीत आहे. मदर म्हणजे आई. अमेरिकेतले मजूर त्यांना आई म्हणत. मी हेच चरित्र का निवडले ते शेवटी सांगतो.

त्यांचे माहेरचे नाव मेरी हॅरिस. जन्म १८३७ साली आयर्लंड देशात कॉर्क येथे झाला. तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. लाखो माणसं मेली. मेरीच्या घरचे लोक पोटासाठी समुद्रापार गेले. कॅनडात शिकून मेरी मास्तरीण झाल्या. पुढे अमेरिकेत मेंफिस गावी जॉर्ज जोन्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले. ते लोखंडाच्या ओतकामाचे कामगार होते. त्यांना चार लेकरं झाली. पण १८६७ साली पीतज्वराची साथ आली. तिच्यात नवरा आणि चारही लेकरं गेली. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा आमचा वर्ग एकदम गप्प झाला.

मग त्या शिकागोला जाऊन कपडे शिवू लागल्या. १८७१ साली तिथे मोठी आग लागली. दुकान जळून गेले. दुसरं कुणी असतं तर खचून बसलं असतं. मेरीबाई मजुरांच्या सभांना जाऊ लागल्या.

तेव्हा अमेरिकेच्या खाणीत आणि गिरण्यांत बाहेर देशांतून आलेले गरीब लोक फार होते. कोणी आयरिश, कोणी इटालियन, कोणी पोलिश. काळे लोकही होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. म्हणून त्यांची एकी होत नव्हती आणि मजुरी वाढत नव्हती. मेरीबाई खाणी-खाणींवर फिरून सर्वांना एका संघटनेत आणत. खाणकामगारांची संघटना १८९० साली निघाली होती. तिच्यात गोऱ्यांबरोबर काळ्यांनाही घेत. एकदा संप चालू असताना मेरीबाईंनी बायकांनाच झाडू आणि डबे घेऊन खाणीवर पाठवले होते!

आता मुलांची गोष्ट सांगतो. १९०० सालच्या शिरगणतीत अमेरिकेत १० ते १५ वर्षांची साडेसतरा लाख मुलं कामावर होती. म्हणजे आपल्याएवढीच. १९०३ साली फिलाडेल्फिया शहरात कापड गिरण्यांचा संप झाला. आठवड्याचे काम ६० तासांऐवजी ५५ तास करा, एवढीच मागणी होती. संपात हजारो मुलं होती. कित्येकांची बोटं यंत्रात तुटली होती. फार लहान मुलांना कामावर घ्यायचे नाही असा कायदा होता, पण आईबाप वय वाढवून सांगत. त्या आया वाईट नव्हत्या. कित्येकींचे नवरे खाणीत मेलेले किंवा जायबंदी झालेले होते. घरात खायला नव्हतं.

७ जुलै १९०३ रोजी मदर जोन्स मुलांना घेऊन पायी निघाल्या. न्यूयॉर्क तिथून सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मुलांच्या हातात फलक होते. त्यांवर शाळेची मागणी होती. वाटेत गावोगावी सभा होत. शेवटी त्या राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घरापर्यंत गेल्या, पण ते भेटलेच नाहीत. संपही फसला. मुलं परत गिरणीत गेली.

पण लोकांना सगळं कळलं होतं. १९०५ साली त्या राज्यात १४ वर्षांच्या आतील मुलांना कारखान्यात बंदी झाली. साऱ्या देशाचा कायदा मात्र १९३८ साली झाला. तो बघायला मदर जोन्स नव्हत्या. ३० नोव्हेंबर १९३० रोजी त्या वारल्या. १९१३ साली, पंचाहत्तर वर्षांच्या असताना, त्यांना कैदेतही ठेवले होते. तरी त्या भ्याल्या नाहीत. त्या आपला वाढदिवस १ मे ला धरत. तो कामगार दिन आहे आणि आपला महाराष्ट्र दिनपण आहे.

आता कारण सांगतो. मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी आई-आबांबरोबर ऊसतोडीला गेलो होतो. कोपीत बहिणीला सांभाळायचो आणि फडात वाढे गोळा करायचो. परत आलो तर वर्गाचा भागाकार शिकून झालेला, आणि मी पाढेपण विसरलेलो. माझे आई-आबा वाईट नाहीत. घेतलेली उचल फेडायची होती. यंदा त्यांनी मला आजीपाशी ठेवलं. आता मला तेवीसपर्यंत पाढे येतात.

२६ जानेवारीला पालक हे भित्तिपत्रक बघायला येतील. आई-आबा तेव्हा फडावर असतील. आजी येईल. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच तिला वाचून दाखवणार आहे. ज्यांना तोडीला जायचे आहे त्यांनी आपली मुलं अशीच घरी ठेवून जावीत, ही माझी विनंती.

अशा या थोर माउलीला माझा नमस्कार.

(इयत्ता ४ थी)